काल अडतिसावा होता

पॉलिशकाकूंनी नवऱ्याची तेहतीस वर्षांची मोजणी एका प्रश्नात मोडली, ही बातमी गल्लीत उठली ती थेट काकूंच्या नणंदेच्या तोंडून, म्हणजे उगमालाच गढूळ. सकाळी दुधाच्या रांगेत ती ‘मुद्दाम विचारलं’ एवढीच होती. न्हाव्याच्या दुकानात पोचेपर्यंत ‘मुद्दाम, हसत विचारलं’ अशी झाली, आणि दुपारी इस्त्रीवाल्याकडे तर काकूंनी नवऱ्याची कॉलर धरून त्याच्याकडून आकडा वदवून घेतला होता. नवरा, म्हणजे आमचे कवळीवाले, बिचारे तेव्हापासून अन्नाला शिवले नाहीत, असंही कुणीतरी जोडलं.

ह्यातलं खरं एवढंच की काकूंनी विचारलं. हसत नाही, आणि कॉलरबिलर काही धरली नाही. कवळीवाले फसले नाहीत, त्यांची मोजणी मोडली नाही, आणि अन्नाचं म्हणाल तर त्या दिवशी ते दोन अंडी आणि पाव खाऊन वेळेवर झोपले. झालं असं, की नणंद जिन्यात कान लावून उभी होती. तिने प्रश्न ऐकला आणि उत्तराला न थांबता पुढच्या कामाला लागली. उत्तरच तर ऐकण्यासारखं होतं.

आता ही मोजणी काय ते आधी सांगायला हवं, कारण गल्लीत हे एकच यहुदी घर, आणि बाकीच्यांना शेजारी राहून जेवढं कळतं तेवढंच कळतं. त्यांच्यात वल्हांडण नावाच्या सणाच्या दुसऱ्या संध्याकाळपासून सप्ताहांच्या सणापर्यंत एकोणपन्नास दिवस मोजतात. ओमेर म्हणतात त्याला. रोज अंधार पडला, आकाशात तीन तारे दिसले, की उभं राहून आशीर्वचन म्हणायचं आणि मग मोठ्याने आकडा: आज इतके दिवस, म्हणजे इतके आठवडे आणि इतके दिवस. यात काय अवघड, असं कुणालाही वाटेल. अवघड आहेत ते नियम. एक अख्खा दिवस, म्हणजे संध्याकाळही आणि दुसरा उजेडही, मोजायचा राहिला, तर त्या वर्षी पुढचे सगळे दिवस नुसते आकडे म्हणायचे, आशीर्वचन बंद. आणि दुसरा नियम आणखी खोडकर. सूर्य बुडाल्यावर, आशीर्वचनाच्या आधी, कुणी सहज विचारलं ‘आज कितवा’ आणि तुमच्या तोंडून आकडा निसटला, तर मोजणं झालं असं धरतात, आणि त्या दिवसाचं आशीर्वचन गेलं. म्हणून जाणकार माणूस आजचा आकडा सांगतच नाही. कालचा सांगतो.

गल्लीला हे कळल्यापासून कवळीवाल्यांना दिवेलागणीला कितवा विचारणं हा इथला वार्षिक करमणुकीचा कार्यक्रम झाला. न्हावी तर दुकानाच्या पायरीवर खास वाट बघत बसायचा. कवळीवाले वरून खाली न बघताच म्हणायचे, “काल नववा होता.” तेहतीस वर्षांत न्हाव्याला एकदाही यश आलं नाही.

काकू मात्र कधी विचारायच्या नाहीत. त्याही मोजत. नवरा पुढच्या खिडकीशी उभा राहून खणखणीत आवाजात, त्या स्वयंपाकघराच्या दारात पुटपुटत, हाताला लागलेला प्युमिसचा, म्हणजे कवळ्या घासायच्या पुडीचा, भुगा पदराला पुसत. त्यांचीही तेहतीस वर्षं झाली होती, पण ती कुणी मोजली नव्हती.

त्यांना पॉलिशकाकू म्हणतात ते धंद्यामुळे. स्वभावाशी त्याचा काही संबंध नाही, हे ज्यांनी त्यांच्याशी भाव घासून पाहिला त्यांना पटेल. तळमजल्यावर कवळ्यांचं दुकान, दोन मजले वर घर. पाटी नवऱ्याच्या धंद्याची. तो डॉक्टरांकडून आलेले जबड्यांचे साचे प्लास्टरमध्ये ओतायचा, मेणात दात मांडायचा, आणि मग तो गुलाबी सांगाडा शिजून बाहेर आला की काम काकूंकडे. मोटरवर फिरणारा ब्रश, ओला प्युमिस, आणि त्यापुढे वाकलेल्या काकू. कवळीची धार जिभेला लागू नये, हिरडीला टोचू नये, बघणाऱ्याला ओळखू येऊ नये, हे सगळं त्या वाकलेपणातून यायचं. खोकलाही त्यातूनच आला. गल्लीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचं हसू काकूंच्या हातचं आहे, आणि कोण कुठल्या बाजूने चावतो, कोण कवळी काढून ठेवतो आणि घातली म्हणून सांगतो, हे त्यांना कवळी उलटी करून बघितली की कळतं. कुणाकडे सांगत नाहीत, हे त्यांचे उपकार.

कवळीवाले नुसते मोजून थांबणारे नव्हते. त्यांच्यात असं सांगतात की ह्या सात आठवड्यांत दर आठवड्याला एकेका गुणाचा अभ्यास करावा: पहिला मायेचा, दुसरा शिस्तीचा, असं करत सहावा नात्यांच्या बंधाचा, सातवा थोरवीचा. शिवाय आठवड्याच्या प्रत्येक वाराला पुन्हा तेच सात गुण, म्हणजे मायेतली शिस्त, शिस्तीतली माया, असा एकोणपन्नास कप्प्यांचा हिशोब. दिवस नुसता जाऊ द्यायचा नाही, त्याला काहीतरी अर्थ द्यायचा. कवळीवाल्यांनी दर वर्षी त्याची एक वही घातली. दर दिवसासमोर एक सत्कृत्य, आदल्या महिन्यातच योजून ठेवलेलं, आणि झालं की बरोबरची खूण.

गल्लीची चंगळ होती. खालच्या मजल्यावरच्या आंधळ्या मास्तरांना पेपर वाचून दाखवणं, इमारतीच्या फाटकाला तेल घालणं, समोरच्या विधवेचं सिलिंडर वर चढवणं. एका वर्षी तर त्यांनी बारा वर्षांपूर्वी पोस्टमनवर ओरडल्याची माफी मागितली. पोस्टमन दुसराच होता, पण त्याने मोठ्या मनाने माफ केलं. लोक आपापली कामं राखून ठेवायचे. म्हणायचे, थांबा, कवळीवाल्यांचे दिवस लागू देत, मग सांगू.

ते दिवस लागले की दुकानातलं मेणाचं कामही काकूंच्या अंगावर यायचं, कारण साहेब सत्कृत्याला गेलेले. गिऱ्हाईक बिनदाताचं किती दिवस बसणार. काकू दात मांडायच्या, शिजवायच्या, घासायच्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून ऐकून घ्यायच्या की तुम्ही भाग्यवान, तुम्हाला देवमाणूस मिळाला. त्या म्हणायच्या, हो, पण घरपोच नाही मिळाला. तेहतीस वह्यांत काकूंचा उल्लेख एकदा आहे. चौथ्या आठवड्यात, चिकाटीच्या खाली: ‘आज बायकोला उलट बोललो नाही.’ खूण केलेली आहे.

त्यांना एक मुलगी. ती जन्मली तीही ह्याच दिवसांत, पंधराव्याला. कवळीवाले प्रसूतिगृहाच्या दाराशी आले, नर्स बाहेर आली, आणि त्यांनी पहिला प्रश्न केला तो मुलगा की मुलगी हा नव्हे. आईने आजचं मोजलं का ते विचारून या, म्हणाले. काकू हे सांगताना पूर्वी हसायच्या. नऊ वर्षांपूर्वी मुलीने समाजाबाहेर लग्न केलं, तेव्हापासून हसायच्या बंद झाल्या, सांगायच्याही.

कवळीवाले त्या वेळी रागावले नाहीत, हे लक्षात घ्या. आदळआपट नाही, तोंड काळं कर नाही. त्यांनी नुसतं बोलणं थांबवलं, जसं एखादं मासिक बंद करावं. मुलगीही बापाचीच. तिने सांगून टाकलं की बाबांनी स्वतः हाक मारल्याशिवाय तो जिना चढणार नाही. नऊ वर्षं मायलेकी बाजाराच्या कोपऱ्यावर, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, बागेतल्या बाकावर भेटत राहिल्या, चोरून भेटतात तशा.

यंदा मुलीने आईला सांगितलं की नवऱ्याला परदेशात कायमची नोकरी लागली आहे, आणि तारीख सांगितली. काकूंनी बोटांवर मोजलं. विमान एकोणचाळिसाव्या दिवशी दुपारी.

हे कळलं त्याच रात्री काकूंनी जेवताना विषय काढला. लग्नानंतर नवऱ्याकडे त्यांनी मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मावतील, ही त्यातली एक. पोर कायमची चालली आहे, म्हणाल्या, एकदा हाक मारा. खाली जायलाही नको, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून मारा. कवळीवाल्यांनी शांतपणे ऐकलं, उठून वही आणली आणि उघडून दाखवली. काकूंना क्षणभर रडूच आलं, कारण तिथे आधीच लिहिलेलं होतं, एकाच शब्दात: ‘मुलगी’. लिहिलं होतं सहाव्या आठवड्याच्या सहाव्या दिवसासमोर. बंधातला बंध. एकेचाळिसावा.

काकू म्हणाल्या, अहो, ती एकोणचाळिसाव्याला जाते. कवळीवाले म्हणाले, पण तो दिवस बंधातल्या चिकाटीचा आहे, त्यात मास्तरांची काठी दुरुस्त करायची ठरली आहे. मग जरा विचार करून, अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, “तिला दोन दिवस पुढे ढकलता येईल का विचार.”

काकूंनी विचारलं नाही. विमान बाबांच्या वहीप्रमाणे उडू दे, हे पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं. पण पुढचे दोन आठवडे त्या नवऱ्यामागे लागून होत्या, त्यांच्या पद्धतीने, म्हणजे कामातून. मेण तापवताना एकदा, साचा फोडताना एकदा. ते दर वेळी म्हणत, बघू, अजून दिवस आहेत. दिवस मोजणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य फार शोभतं.

मग विमानाच्या आदली संध्याकाळ आली; त्यांच्यात दिवस संध्याकाळी सुरू होतो, म्हणजे एकोणचाळिसावा इथूनच लागणार. आभाळ भरून आलेलं. मुलगी टॅक्सीने आली, दुकानासमोर थांबली, दार उघडं ठेवून बाहेर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाबांध, दुपारी विमान, त्यामुळे आता नाही तर कधी नाही, हे तिलाही माहीत, आईलाही. काकू ब्रशची मोटर चालूच ठेवून बाहेर आल्या, मुलीच्या गालाला ओला हातच लावला, पांढरा भुगा लागला, आणि थांब म्हणून दोन मजले चढून वर गेल्या. खोकल्याने त्या एरवी दर मजल्याला टेकतात. त्या दिवशी टेकल्या नाहीत.

कवळीवाले खिडकीशी उभे होते, हातात प्रार्थनेचं पुस्तक, नजर वर. ढगांमुळे तारे दिसेनात, म्हणून ते मधूनमधून घड्याळ बघत होते. अजून पंचवीस मिनिटं. खिडकीच्या बरोब्बर खाली टॅक्सी होती, आणि टॅक्सीशेजारी मुलगी, मान वर करून. त्यांनी नजर एवढीशी खाली केली असती तर पुरलं असतं.

“खाली आली आहे,” काकू म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली. त्यांना माहीत होतं. मोजून घेतो, मग बघू, म्हणाले. काकू म्हणाल्या, मोजायला सगळी रात्र मोकळी आहे, हा नियम तुम्हीच मला शिकवलात. आधी हाक मारा, मग मोजा. त्यावर कवळीवाले जे बोलले ते अगदी खरं बोलले, आणि त्याचंच काकूंना जास्त लागलं. म्हणाले, ती वर आली की बोलणं लांबेल. नऊ वर्षांचं बोलणं आहे. बोलण्यात विसरलो तर?

खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. सूर्य बुडून पंधरा मिनिटं झाली होती. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, आणि तेहतीस वर्षांत जे कधी विचारलं नाही ते त्यांनी विचारलं. जिन्यात नणंद होती ती इथेच.

“अहो, आज कितवा?”

नणंदेला वाटलं, आणि मग गल्लीला वाटलं, की हा डाव होता. डाव नव्हे, ती वाट होती. आकडा तोंडातून जाऊ द्या, मोजणं झालं असं धरू द्या, एका दिवसाचं आशीर्वचन बुडेल, एकाच; उद्यापासून पुन्हा आहेच. पण मग विसरण्याची भीती उरत नाही, खिडकीशी उभं राहायचं कारण उरत नाही, आणि माणूस जिन्याच्या तोंडाशी जाऊ शकतो. काकूंनी नवऱ्यासाठी कुलूप काढून दार उघडून दिलं होतं, आणि हे त्यांना कळलं. नियमांत मुरलेला माणूस, त्यांना नाही तर कुणाला कळणार. त्यांनी काकूंकडे बघितलं.

मग म्हणाले, “काल अडतिसावा होता.”

काकूंनी खुंटीवरची पिशवी घेतली आणि उतरल्या. मुलीने वर बघून विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दोघी टॅक्सीत बसल्या. दुकानातली मोटर तशीच घरघरत होती, ती मागाहून न्हाव्याने बंद केली.

मुलीच्या घरात काही उरलं नव्हतं, नुसते पुठ्ठ्याचे खोके. जावयाने सामानाच्या यादीत डोकं घातलेलं. सकाळी मायलेकी मोरीशी तोंड धुवायला उभ्या होत्या, तेव्हा काकूंनी सवयीने मुलीचा जबडा धरून उजेडाकडे वळवला, बोट आत घालून मागच्या दाढा चाचपल्या. दोन्ही बाजूंच्या सपाट झाल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाच्या असतात तशा. झोपेत दात खातेस, काकू म्हणाल्या. किती वर्षं? मुलगी तोंडात बोट असतानाच म्हणाली, “तूच सांग. तुला बघून कळतं.” काकूंना कळलं होतं. आकडा त्यांनी सांगितला नाही.

विमानतळावर काचेच्या दारापर्यंत जाऊ दिलं, पुढे नाही. परत यायला दोन बस बदलाव्या लागल्या, आणि दुसरी उशिरा आली. काकू घराचा जिना चढल्या तेव्हा बाहेर अंधार पडला होता, आणि वरून नवऱ्याचा खणखणीत आवाज येत होता, आज चाळीस दिवस, म्हणजे पाच आठवडे आणि पाच दिवस. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. संध्याकाळ गेली, उजेडही गेला. एकोणचाळिसावा त्यांच्याकडून मोजायचा राहून गेला होता. त्या मजल्याच्या कठड्याला टेकल्या, खोकला काढला, आणि आत जाऊन नुसता आकडा म्हटला. आशीर्वचन म्हटलं नाही. कवळीवाल्यांनी वळून पाहिलं, आशीर्वचनाला ओठ हलले नाहीत हे त्यांनी टिपलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळहळ आली. मुलगी पोचेल का, कशी गेली, हे त्यांनी विचारलं नाही. ते वहीत उद्याच्या दिवसासमोर होतं.

दुसऱ्या संध्याकाळी, एकेचाळिसावा मोजून झाल्यावर, कवळीवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. केस विंचरले. वही उघडून टेलिफोनशेजारी ठेवली आणि काकूंना मुलीचा नंबर विचारला. काकूंनी सांगितला. तो नंबर आदल्या दुपारपासून बंद आहे, हेही त्या सांगू शकल्या असत्या. त्यांनी फक्त नंबर सांगितला, एकेक आकडा, सावकाश. कवळीवाल्यांनी तीनदा फिरवला. तिन्ही वेळा बाईचा नेहमीचा आवाज आला. त्यांनी रिसीव्हर ठेवला, वहीत लिहिलं, ‘मुलीला फोन केला. लागला नाही,’ आणि जरा वेळ थांबून पुढे बरोबरची खूण केली.

ती खूण काकूंनी पाहिली. टेबल पुसायला गेल्या होत्या.

पुढचे दिवस घरात कुणी कुणाशी भांडलं नाही. काकू दुकानात बसायच्या, वाकायच्या, घासायच्या. ह्याच दिवसांत नणंदेची बातमी गल्लीभर फिरली, आणि ज्या बायका आयुष्यभर काकूंना भाग्यवान म्हणत आल्या त्या आता कवळी घ्यायला येताना नजर चुकवू लागल्या. एकीने तर विचारलंच, असं का केलंत हो? काकूंनी तिच्या सासूची कवळी कागदात गुंडाळून दिली आणि म्हणाल्या, सांगा त्यांना, डावीकडून चावू नका.

एकोणपन्नासाव्या संध्याकाळी घरात चार माणसं आली. प्रार्थनाघरातले दोघे म्हातारे, नणंद, आणि खालचे आंधळे मास्तर, दुरुस्त झालेल्या काठीसकट. कवळीवाल्यांनी आशीर्वचन म्हटलं, आकडा म्हटला, आज एकोणपन्नास दिवस, म्हणजे सात आठवडे. काकूंनी दारातून नुसता आकडा म्हटला. मंडळींनी कवळीवाल्यांचे हात हातात घेतले. तेहतिसावं वर्ष, एकही खंड नाही, दुसरा असा माणूस दाखवा, म्हणाले. नणंदेला आपल्याच बातमीची जरा लाज वाटली असावी, ती चहाच्या कपांकडे बघत होती.

कवळीवाल्यांना भरून आलं होतं. अशा वेळी माणसाला सगळ्यांविषयी माया दाटून येते. ते सगळ्यांदेखत काकूंकडे वळले, आवाज मऊ केला आणि म्हणाले, “तुझा तेवढा एक राहिला बघ. त्याचं मला फार वाईट वाटतं.”

काकूंनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, “तुमचे एकोणपन्नासच्या एकोणपन्नास जमलेत ना? मग त्यातला एक पोरीला पाठवून द्या.”